हलत्या चित्रातले एक चित्र

चित्रपट हलतो असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्यातले एकही चित्र हलत नसते. फितीवर एकापुढे एक अशी स्थिर चित्रे असतात, ती सेकंदाला २४ या वेगाने आपल्या डोळ्यांपुढून जातात, आणि गतीचा भास आपल्या दृष्टीत निर्माण होतो. तेव्हा चित्रपटातले एखादे स्थिरचित्र हवे असेल, तर फीत थांबवावी, हवे ते चित्र शोधावे आणि त्याची प्रत काढावी, इतके ते काम सोपे असावयास हवे. सेल्युलॉइडच्या फितीच्या बाबतीत ते बरेचसे तसेच आहे. परंतु डीव्हीडी नावाच्या चकचकीत तबकडीवरून संगणकाच्या साहाय्याने असे चित्र काढू गेले, म्हणजे अनुभव निराळा येतो. कधी माणसांचे चेहरे उगाच लांबट दिसतात, तर कधी पसरट. हललेल्या हाताच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात. काळ्याभोर रात्रीची राखाडी संध्याकाळ होते. क्वचित तर चित्राऐवजी नुसता काळा चौकोन हाती येतो. यात दोष तबकडीचाही नसतो आणि संगणकाचाही नसतो. आपण जे चित्र पडद्यावर पाहतो, ते त्या रूपात तबकडीवर ठेवलेलेच नसते, हे त्याचे खरे कारण होय. ते कोणत्या रूपात ठेवलेले असते आणि त्यातून मुळाशी प्रामाणिक असे स्थिरचित्र कसे मिळवावे, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

असे चित्र हवे तरी कोणाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर चित्रपटाच्या अभ्यासकाचे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांच्या या कृतीचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यातील विष्णुपंत पागनीसांची मुद्रा, जिजाई झालेल्या गौरीबाईंचा आविर्भाव, किंवा एखाद्या दृश्याची मांडणी यांविषयी लिहावयाचे, तर पुराव्यादाखल चित्र हवे. मूळ फिती सर्वांना पाहावयास मिळत नाहीत. आणि त्या चिरंतनही नसतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कितीतरी जुन्या नायट्रेट फिती जळून गेल्या. इंदूरला किंवा हैदराबादला बसून अभ्यास करणाऱ्या मराठी माणसाच्या हाती बहुधा एक तबकडीच असते.

दुसरे उत्तर घरगुती आहे, पण कमी महत्त्वाचे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्याकडील असंख्य लग्ने आणि मुंजी डीव्हीडीवर साठवल्या गेल्या. छायाचित्रासाठी कधी मुद्दाम न बसलेली एखादी आजी त्या गर्दीत अक्षता टाकताना तीन सेकंद दिसते, आणि पुढे तिची तेवढीच प्रतिमा मागे राहते. ती भिंतीवर लावावयाची, तर चेहरा तिचाच असला पाहिजे. कोणा पसरट तोंडाच्या परक्या बाईचा नव्हे. अभ्यासक आणि नातू या दोघांनाही हवी असते ती एकच गोष्ट, विश्वास ठेवता येईल असे चित्र.

आता तबकडीकडे वळू. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस प्रथम जपानात विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या साध्या, एका थराच्या तबकडीत सुमारे ४७० कोटी बाइट इतकी माहिती मावते. आकडा मोठा वाटतो. पण हिशेब करून पाहावा. भारतात आणि युरोपात रूढ असलेल्या पाल पद्धतीत एक चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ चित्रबिंदूंचे असते, म्हणजे एकूण सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक बारकाईने टिपतो, रंगाचा तितका टिपत नाही. म्हणून रंगाची माहिती दोन्ही दिशांनी निम्म्याच बारकाईने ठेवतात. ही काटकसर करूनही एका चित्राला सुमारे ६ लाख २२ हजार बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे धरली, तर अवघ्या पाच मिनिटांत तबकडी भरून जाईल. तिच्यात दोन तासांचा चित्रपट बसवावयाचा, तर माहिती फार मोठ्या प्रमाणात आवळली पाहिजे.

ही आवळण्याची रीत एमपीईजी-२ या नावाने ओळखली जाते. जमाखर्चाच्या वहीत वरचीच नोंद पुन्हा लिहिण्याऐवजी आपण 'वरीलप्रमाणे' म्हणून खूण करतो, तशीच ही रीत आहे. साधारणपणे दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र संपूर्ण लिहिले जाते. त्याच्या पुढच्या चित्रांत आधीच्या चित्राहून काय बदलले एवढेच नोंदले जाते. आणि मधल्या कित्येक चित्रांची माहिती तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने काढली जाते. तात्पर्य, तबकडीवरील बहुतेक चित्रे तिथे स्वतंत्रपणे अस्तित्वातच नसतात. पाहण्याच्या वेळी संगणक ती रचून देतो.

यातून पहिला व्यावहारिक धडा मिळतो. हवा असलेला क्षण सापडला की लगेच चित्र घेऊ नये. एकेक चित्र पुढे सरकत चारसहा शेजारी पाहावेत. त्यांतील काही स्वच्छ असतील, काहींत बारीक चौकटी उमटलेल्या दिसतील. विशेषतः दृश्य बदलल्यानंतरची पहिली एकदोन चित्रे आणि वेगवान हालचालीची चित्रे बहुधा मलूल असतात. पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या तंत्रविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेला व्हीएलसी हा प्लेअर विनामूल्य मिळतो. त्यात ई ही कळ दाबली की चित्र एकेक पाऊल पुढे जाते. एमपीव्ही नावाच्या दुसऱ्या विनामूल्य प्लेअरमध्ये पूर्णविरामाच्या कळीने पुढे आणि स्वल्पविरामाच्या कळीने मागेही जाता येते.

चित्र सापडले; आता ते घ्यावयाचे कसे? पुष्कळ लोक कळफलकावरची प्रिंट स्क्रीन ही कळ दाबतात. ही कळ तबकडीवरचे चित्र घेत नाही. त्या वेळी पडद्यावर जे दिसते त्याची नक्कल करते. पडद्याच्या मापाला बसावे म्हणून चित्र ताणलेले किंवा आकसलेले असेल, तर तीच मोडतोड आपल्या पदरी पडते. वीसएक वर्षांपूर्वी याहून गंमत होत असे. त्या काळी हलते चित्र संगणकाच्या सर्वसाधारण पडद्याला वळसा घालून चित्रयंत्रणेकडून परस्पर दाखवले जाई. खिडकीत केवळ एका ठरावीक रंगाचा चौकोन रंगवलेला असे आणि त्या रंगाच्या जागी यंत्रणा चित्र बसवून देई. नक्कल करू गेल्यास तो कोरा चौकोनच हाती येई. म्हणून प्लेअरच्याच यादीतली 'स्नॅपशॉट' किंवा 'स्क्रीनशॉट' ही आज्ञा वापरावी. ती उलगडलेले चित्र थेट प्लेअरकडून घेते. उपशीर्षके नको असतील तर ती आधी बंद करावीत, हे सांगावयास नकोच.

यानंतरचा प्रश्न आकाराचा. पाल तबकडीवरचे चित्र ७२० बाय ५७६ असते हे आपण पाहिले. अमेरिका-जपानकडील एनटीएससी पद्धतीत ते ७२० बाय ४८० असते. आणि आपल्या चित्रपटांच्या कितीतरी तबकड्याही याच पद्धतीने निघाल्या आहेत. आता जुन्या चित्रपटाची चौकट चारास तीन या प्रमाणाच्या जवळपास असते. ७२० ला ५७६ ने भागून पाहा, किंवा ४८० ने भागून पाहा. चारास तीन हे प्रमाण कुठेच येत नाही. कारण डीव्हीडीचे चित्रबिंदू चौरस नसतात. पालचे बिंदू किंचित रुंद असतात, एनटीएससीचे किंचित उंच; संगणकाच्या पडद्याचे बिंदू मात्र चौरस असतात. हा फरक ध्यानात न घेता चित्र जसेच्या तसे मांडले, तर पाल तबकडीवरचा माणूस लांबट होतो आणि एनटीएससीवरचा तोच माणूस पसरट होतो.

उपाय सोपा आहे. चारास तीन चौकटीचे पाल चित्र ७६८ बाय ५७६ करावे. एनटीएससी चित्र ६४० बाय ४८०, किंवा उभ्या दिशेने वाढवून ७२० बाय ५४० करावे. सोळास नऊ अशा रुंद चौकटीसाठी पालचे माप १०२४ बाय ५७६ येते. शक्य तिथे एक बाजू वाढवावी, दुसरी घटवू नये. घटवताना असलेली माहिती गमावते. कसोशीने पाहणारे तंत्रज्ञ असेही सांगतात की ७२० पैकी कडेचे काही स्तंभ हिशेबाबाहेरचे असून खरी चौकट ७०४ स्तंभांतच पुरी होते. तो फरक शेकडा दोनाच्या आसपास असल्याने आपल्या कामाला फारसा बाधत नाही. काही प्लेअर ही दुरुस्ती स्वतःच करतात, काही करत नाहीत. म्हणून जतन केलेल्या चित्राचे माप एकदा पाहून घ्यावे. आणि डोळ्यांनी करावयाची परीक्षा तर सर्वांना साधेल. पौर्णिमेचा चंद्र, समोरून दिसणारे घड्याळ किंवा गाडीचे चाक चित्रात असेल, तर ते वाटोळे आहे की नाही एवढे पाहावे.

आता त्या कंगव्याच्या दात्यांकडे येऊ. ही दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेतली तडजोड आहे. अपुऱ्या लहरपट्टीत चित्राची लुकलुक टाळावी म्हणून एक चित्र दोन हप्त्यांत दाखवण्याची युक्ती निघाली: आधी विषम ओळी, मग सम ओळी. या प्रत्येक हप्त्याला तंत्रज्ञ 'फील्ड' म्हणतात. आपण त्याला अर्धचित्र म्हणू. पालमध्ये अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात. लग्नाचे चित्रण त्या काळच्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेले असेल, तर त्यातले प्रत्येक अर्धचित्र निराळ्या क्षणी, आधीच्या अर्धचित्रानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने टिपलेले असते. आजीचा हात तेवढ्या अवधीत पुढे गेलेला असतो. संगणकाने दोन्ही अर्धचित्रे एकत्र मांडली, की एका ओळीत हात इथे आणि दुसऱ्या ओळीत तिथे, असे दाते दिसू लागतात.

अशा वेळी प्लेअरमधील 'डीइंटरलेस' ही सोय चालू करावी. तिच्यात अनेक पर्याय असतात. 'ब्लेंड' नावाचा पर्याय दोन्ही क्षण एकमेकांत मिसळतो. दाते जातात, पण हाताची भुतासारखी दुसरी सावली राहते. स्थिरचित्रासाठी तो टाळावा. 'बॉब' किंवा 'यादिफ' हे पर्याय एका क्षणाच्या ओळी कायम ठेवून मधल्या ओळी अंदाजाने भरतात. त्यात बारकावा थोडा कमी होतो, पण चित्र एकाच क्षणाचे राहते. आजी अगदी निश्चल उभी असेल, तर काहीच करू नये. दोन्ही अर्धचित्रे तंतोतंत जुळतात आणि पुरा बारकावा मिळतो.

चित्रपटाचे गणित मात्र वेगळे. फितीवरचे चित्र एकाच क्षणी, अखंड टिपलेले असते. पाल तबकडी करताना बहुधा २४ चित्रांची फीत २५ च्या वेगाने चालवतात. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, पण प्रत्येक चित्र सहसा शाबूत राहते. एनटीएससीला सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रे लागतात. त्यासाठी फितीवरचे एक चित्र दोन अर्धचित्रे आणि पुढचे तीन अर्धचित्रे, अशा पाळीने मांडतात. या मांडणीत फितीवरच्या चार चित्रांची तबकडीवर पाच होतात. त्या पाचांपैकी तीन स्वच्छ असतात, आणि दोघांत शेजारच्या दोन चित्रांच्या ओळी मिसळलेल्या असतात. काही तबकड्यांवर मूळ २४ चित्रेच ठेवून ही पाळी कशी लावावी याची केवळ सूचना लिहिलेली असते. तिथे संगणकाला स्वच्छ चित्र मिळते. जिथे मिसळ प्रत्यक्ष साठवलेली असते, तिथेही घाबरावयाचे कारण नाही. एक-दोन पावले पुढे गेले की स्वच्छ चित्र सापडते. 'डीइंटरलेस' इथे मात्र बंद ठेवावे. एरवी अखंड असलेल्या चित्राच्या निम्म्या ओळी आपणच फेकून देऊ. चित्रण कशाने केले आहे, हे ओळखल्यावाचून उपचार करू नये, हा या साऱ्याचा सारांश.

रंग आणि उजेड यांविषयी दोन शब्द. डीव्हीडीवर काळ्या रंगाला १६ आणि पांढऱ्याला २३५ हा अंक दिलेला असतो; संगणकाच्या पडद्यावर काळा ० आणि पांढरा २५५ असतो. हे रूपांतर राहून गेले, तर काळे राखाडी आणि पांढरे मळकट दिसते; ते दोनदा झाले, तर अंधारातले सारे बारकावे बुडतात. श्रेयनामावलीची काळी पार्श्वभूमी तपासली म्हणजे हा दोष तत्काळ उघड होतो. कृष्णधवल चित्रपटाच्या चित्रात निळसर किंवा हिरवट झाक दिसली, आणि मूळ फितीला मुद्दाम रंगछटा दिलेली नसेल, तर ती झाक वाटेत कुठेतरी लागलेली असते. ती खुशाल काढून टाकावी. उजेड वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. छायालेखकाने जो काळोख योजला होता, तो त्याच्या कृतीचा भाग होय.

चित्र जतन करताना पीएनजी हा प्रकार निवडावा. जेपीईजी हा प्रकार माहिती पुन्हा एकदा आवळतो, आणि आधीच आवळलेल्या चित्रावर नवे डाग उमटवतो. काही प्लेअर न विचारता जेपीईजी वापरतात. ती निवड आधी बदलून घ्यावी. चित्राबरोबर तबकडीचे नाव, तिची पद्धत, तास-मिनिट-सेकंदाची खूण आणि आपण केलेल्या दुरुस्त्या लिहून ठेवाव्यात. दुसऱ्या कोणाला तेच चित्र पुन्हा काढून पडताळता आले, तरच त्याला पुराव्याची किंमत येते.

इतके सारे करूनही हाती येणारे चित्र लहानच असते. चार लाखांच्या आसपास बिंदू, म्हणजे आजच्या साध्या फोनच्या छायाचित्राच्या मानाने फारच थोडे. ते भिंतीवर मोठे करून लावावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने धूसर चेहरा क्षणार्धात रेखीव करून देतात. परंतु ती जी पापणी आणि जी सुरकुती काढतात, ती तबकडीवर नसते. हजारो परक्या चेहऱ्यांवरून बांधलेला तो तर्क असतो. असे चित्र शोभेसाठी कोणी ठेवले तर हरकत नाही, पण त्याला आजीचे छायाचित्र म्हणू नये, आणि अभ्यासाच्या ग्रंथात तर मुळीच घालू नये. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जेवढे टिपले गेले, तेवढेच आपले. ते थोडे धूसर असेल, पण ते तिचे आहे.

कायद्याचीही जाणीव असावी. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. समीक्षणासाठी केलेल्या रास्त वापराला त्यात मुभा आहे. बाजारातील बहुतेक चित्रपटांच्या तबकड्यांना सांकेतिक कुलूप असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप मोडणे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा ठरले आहे. लेखात आधारासाठी एखादे चित्र देणे निराळे आणि चित्रपटाची प्रत काढून वाटणे निराळे, हा विवेक राखला पाहिजे.

अखेरची गोष्ट काळाविषयी आहे. लग्नाची तबकडी कारखान्यात ठसा उमटवून केलेली नसते. तिच्यातील सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसर किरणाने ती लिहिलेली असते. हा रंग ऊन, उष्णता आणि वर्षे यांनी उतरत जातो. एके दिवशी तबकडी यंत्रात घातली असता यंत्र ती ओळखत नाही, आणि तेव्हा कोणतीही युक्ती चालत नाही. शिवाय नव्या संगणकांतून तबकडीचे यंत्रच नाहीसे होत चालले आहे. म्हणून कपाटात अशी तबकडी असेल, तर प्रथम तिच्यातील सारा मजकूर जसाच्या तसा संगणकावर उतरवून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. हे काम या आठवड्यातच करावे. चित्र निवडणे, त्याचा आकार नीट करणे, दाते काढणे ही कामे पुढे सवडीने करता येतील. मूळ मजकूर शाबूत असला, तर त्यांना घाई नाही.